भरल्या डब्याची स्प्रिंग

मोहरील काकांनी मला फोर्क निवडायला शिकवलं. गंगाधर मोहरील, रेल्वेच्या मालडब्यांच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त, राहणार पुरानी बस्ती, रायपूर. नाव आधी लिहून टाकलं, कारण पुढे सांगणार आहे त्यात माझी चूक मोठी आहे, आणि ती सांगता सांगता त्यांचं नाव मागे पडायला नको.

काका भेटले की आधी वजन विचारायचे. नमस्कार नंतर. आमच्या दुकानात पहिल्यांदा आले ते आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा ब्रेक घट्ट करून घ्यायला. मी खाली बसून रबर बदलत होतो. वरून आवाज आला, "वजन किती रे तुहं?"

मला वाटलं, मी मरतुकडा दिसतो म्हणून टोमणा मारतायत. म्हटलं, "अठ्ठावन्न."

"चपलीसकट?"

"हो, चपलीसकट."

"आन् हे पान्याची पेटी?"

"पेटी कशाला धरायची काका?"

"दिवसभर उचलून तं तूच फिरून राहिला. मंग ते कोनाचं वजन, माह्यं?"

मराठी बोलणारं माणूस महिन्याभरात पहिल्यांदा भेटलं होतं, त्यामुळे ते काय बोलतायत याच्याकडे माझं फारसं लक्षच नव्हतं. नुसतं ऐकत होतो.

दुसरी सवय दाबून बघायची. ज्याच्याखाली स्प्रिंग असेल अशी कुठलीही वस्तू काका तळव्यानं दाबून बघत. दवाखान्यातलं बाकडं, कुणाच्याही स्कूटरची सीट. ऑटोत बसण्याआधी मागून दोनदा दाबत आणि ड्रायव्हरला सांगत, "भैया, बायीं तरफ की पट्टी बैठ गई है।" त्यांच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, दोन ऑटोवाले त्यांना बघून पुढे निघून जायचे म्हणे. कुसुमकाकू हसत सांगायच्या, "मले पाह्याले आले तवा यायनं पयले आमचा पलंग दाबून पाह्यला, मंग माह्याकडं पाह्यलं." काका म्हणायचे, "पलंग बराबर होता म्हनून तं हो म्हटलं."

मी आटपाडीकडचा. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेलेली आहेत. गलाई म्हणजे सराफांचं सोनं-चांदी वितळवून, ॲसिडनं शुद्ध करून द्यायचं काम. आठवी अर्धी सोडून मी मामांबरोबर रायपूरच्या सराफ्यात आलो. दीड वर्ष भट्टीपुढे काढलं. मग खोकला लागला तो जाईना. मामा म्हणाले, घरी जा. घरी जायचं म्हणजे "गेला तसा आला" हे गावभर ऐकायचं. गेलो नाही. पंक्चर काढता येत होतं, म्हणून एका सायकलच्या दुकानात लागलो आणि तिथेच मेकॅनिक झालो. पण दुकानातला माझा एकही दिवस निर्धास्त गेला नाही. आज काही चुकलं तर उद्या आटपाडी, असं सकाळी शटर उचलताना रोज मनात यायचं.

त्यात नव्या रायपूरचे रस्ते झाले. रुंद, मोकळे. नव्या ऑफिसांतले लोक सकाळी तिकडे सायकली पळवायला लागले. सेठनं गिअरच्या सायकली आणल्या, मग माउंटन बाइक आणल्या. त्यांचा जीव असतो पुढच्या फोर्कात. फोर्क म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा. साध्या सायकलीला तो नुसता लोखंडी असतो. माउंटन बाइकच्या फोर्कात दोन-दोन नळ्या एकमेकींत सरकतात, आत स्प्रिंग असते किंवा हवा, आणि दगड आला की मार हातापर्यंत न येता तिथेच जिरतो. हे मी आता सांगतोय. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की त्याच्यावर इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं असतं. अक्षरं मला लावता यायची, पण शब्द समोर उभा राहायचा नाही. गिऱ्हाइकानं विचारलं की मी "एक मिनट" म्हणून गोदामात जायचो आणि दोन मिनिटं तिथे उभा राहून परत यायचो.

दुकानाची एक रीत होती, तिच्यावर माझं निभत होतं. पुढचा ब्रेक धरायचा, हॅन्डलवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकायचा, फोर्क खाली गेला की म्हणायचं, "मक्खन है।" सेठ असंच विकायचा, गिऱ्हाईक असंच घ्यायचं. सेठचं वजन शंभराच्या आसपास. त्याच्या हाताखाली न जाणारा फोर्क अजून बनायचा होता.

त्या उन्हाळ्यात कुंती दीदी आली. अभनपूरकडच्या खेड्यातली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. अंगानं सुपारीएवढी, पण पायांत जोर असा की मुरमाच्या चढावर पोरांना मागे टाकायची. कुणाची तरी जुनी माउंटन बाइक तिला मिळाली होती. फ्रेम चांगली होती, फोर्क गंजून जाम झालेला. राज्याच्या टीमसाठी निवड चाचणी तीन आठवड्यांवर होती.

"भैया, फोर्क एक ही बार ले पाऊँगी," ती म्हणाली. "आप देखकर दे दो।"

आप देखकर. ही जबाबदारी आजवर माझ्यावर कुणी टाकली नव्हती. मी शेल्फवरचा सगळ्यात लांब फोर्क काढला, एकशेवीस मिलिमीटर सरकणारा, जाड स्प्रिंगचा, काळा, चमकणारा. जास्त सरकतो तो जास्त चांगला, असा माझा हिशेब. सेठनं दाबला, म्हणाला मक्खन. मी दाबला, तोही गेला. मग मी त्याची वरची नळी फ्रेमच्या मापानं करवतीनं कापली. ही नळी प्रत्येक सायकलीच्या उंचीप्रमाणे कापावी लागते आणि एकदा कापली की फोर्क परत जात नाही.

पाचव्या दिवशी ती परत आली. कोपर सोललेलं, तळव्यांवर फोड.

"ये तो दबता ही नहीं भैया। पत्थर पे सीधा हाथ में लगता है। चढ़ाई में आगे का चक्का उठ जाता है।"

मी ब्रेक धरून हॅन्डल दाबलं. फोर्क आरामात खाली गेला. सेठनं गल्ल्यावरूनच बघितलं आणि म्हणाला, "फोर्क तो चल रहा है बेटा। चलाना सीखना पड़ता है।" आणि माझ्याकडे बघून, "क्यों महादेव?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. आतून वाटत होतं की ही पोरगी खोटं बोलत नाहीये, तरी हलवली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर काका बसले होते, त्यांच्या मागच्या चाकाचं पंक्चर झालं होतं. त्यांनी कुंतीला विचारलं, "वज़न कितना है बेटी?"

ती बावरली. "चवालीस।"

काका उठले. "महादेवा, हिले बसवून पाह्यलं का?"

"म्हणजे?"

"म्हन्जे काय म्हन्जे. सायकल कोन चालवते? सेठ? फोर्क तू दाबला, सेठनं दाबला. जिले बसाचं तिले बसवलं का?"

बसवलं नव्हतं. दुकानात कुणालाच कधी बसवलं नव्हतं.

काकांनी खिशातून दोरा काढला. दोरा, खडू आणि सहा इंची पोलादी पट्टी त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायची. दोरा त्यांनी फोर्कच्या आतल्या नळीला, बाहेरची नळी जिथे सुरू होते तिथे चिकटवून बांधला. कुंतीला हेल्मेट घालायला लावलं, पाठीवर तिची बॅग, बाटलीत पाणी. मला सायकल धरायला सांगितली. "चढ़ो। हिलना मत।" ती हळूच बसली, हळूच उतरली. ती बसली तेव्हा बाहेरच्या नळीनं दोरा वर सरकवला होता, आणि उतरल्यावर तो तिथेच राहिला. जितका सरकला तितकी स्प्रिंग तिच्या भारानं बसली. मी बोट दाखवून म्हणालो, एवढासा. काका म्हणाले, "बोट नको दाखवू, पट्टी लाव." पट्टीवर सहा मिलिमीटर. एकशेवीसपैकी सहा. पाचवा हिस्सा तरी बसायला हवा होता.

"पाय," काका म्हणाले. "भरल्या डब्ब्याची स्प्रिंग तू खाली डब्ब्याले लावली."

काकांच्या बोलीत पाय म्हणजे बघ, आणि खाली म्हणजे रिकामा. मालडबा रिकामा असतो तेव्हाच जास्त उड्या मारतो, त्यांनी समजावलं. कोळशानं भरला की स्प्रिंग दबून तो रुळाला धरून चालतो. "पटरी सोडते तो खाली डब्बा. लोकाईले वाटते भरलेला सोडत असन."

सेठ म्हणाला, "चाचा, ये रेल नहीं है।"

"हव, नहीं है," काका म्हणाले. "रेल में नाप के लगाते हैं।"

सेठनं परत मोबाइल उघडला. कुंती सायकल घेऊन निघाली. जाताना तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी दुकान बंद असायचं. काकांनी घरी बोलावलं. पुरानी बस्तीत देवळामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. दाराला अडण म्हणून मालडब्याची एक तुटकी स्प्रिंग लावलेली, ती मला दोन हातांनीसुद्धा नीट उचलेना. काकूंनी तांदळाचे चीले, म्हणजे इथली धिरडी, आणि वर वऱ्हाडी ठेचा असं ताटात दिलं. मी जेवत असताना काका विचारत होते.

"फोर्क निवडताना पयले काय पाहाचं?"

"किती सरकतो ते."

"चूक."

"हवेचा आहे की स्प्रिंगचा?"

"चूक."

"मग मजबुती?"

"अबे, तू फोर्ककडंच काहून पाहून राहिला? फोर्क शेवटी. पयले मानूस पाय. किती वजनाचा, सोबत काय घेऊन बसते. मंग रस्ता पाय, मुरूम हाय का डांबर का नुसते दगड. मंग सायकलीची फ्रेम पाय, बनवनाऱ्यानं ते किती उंच फोर्कासाठी बनवली. हे तीन समजले का फोर्क आपोआप हातात येते. दुकानात जाऊन शोधा लागत नाही."

मग त्यांनी गंजलेला जुना फोर्क मागितला. मी तो गोणपाटात गुंडाळून नेला होता. चाकाच्या आसापासून वरच्या खांद्यापर्यंत मोजला. माझा फोर्क त्यापेक्षा दोन सेंटिमीटरनं उंच होता. तिची फ्रेम शंभराच्या फोर्कासाठी केलेली होती, मी एकशेवीसचा लावला, वर तो तिच्या वजनानं बसेना. सायकलीचं तोंडच वर झालं होतं. चढावर पुढचं चाक उचलायचं ते यामुळे.

मी ताट बाजूला ठेवलं. म्हटलं, "काका, मला इंग्रजी येत नाही. आठवी पण पूर्ण नाही. त्या फोर्कांवर काय लिहिलंय ते मला कळत नाही. मी दाबून विकतो."

हे मी रायपुरात कुणालाही सांगितलं नव्हतं. मामांनासुद्धा नाही.

काकांनी ताट परत माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "मले बी नाही कळत. पन आकडे येतात ना? आकडे काही इंग्रजी नसतात बे. आकडे आकडेच असतात. उद्या जाऊन दुकानातल्या सगळ्या फोर्काईवरचे आकडे लिहून आन."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन फिरलो. शोकेसमधल्या सायकलीला हवेचा फोर्क होता, शंभर मिलिमीटरचा. त्याच्या पायावर मागच्या बाजूला एक छोटं स्टिकर होतं. मी दीड वर्ष रोज फडक्यानं ते पुसत होतो. त्यावर दोन रांगांत आकडे होते. डावीकडे पंचेचाळीसपासून शंभरपर्यंत. उजवीकडे दुसरे, वाढत गेलेले. मी उभ्या उभ्या ओळखलं. डावीकडे माणसाचं वजन, उजवीकडे हवा. काका भेटेल त्याला जे विचारायचे ते तिथे छापलेलं होतं. मी ते रोज पुसत होतो.

संध्याकाळी काकांकडे गेलो. म्हटलं, कुंतीला हा फोर्क बसेल, पण सेठ देणार नाही. पहिल्याची नळी मी कापलीये. तुम्ही या माझ्याबरोबर, तुमचं ते ऐकतील.

"मी नाही येत."

"का?"

"मी आलो तं ते माही गोष्ट होते. रेल्वेतला म्हातारा काहीतरी बोलून राहिला, असं होते. तू सांग, मी मोजलं नाही म्हनून. येवढंच. जास्त बोलू नको, रडू बी नको."

"काढून टाकलं तर?"

"तं गावाले जाजो. नाहीतं इथंच दुसरं दुकान पाहजो. आता तुले मोजता येते."

त्या रात्री मी माझी बॅग भरून ठेवली. खरंच भरली. सकाळी सेठ अगरबत्ती लावत होता तेव्हा मी जाऊन उभा राहिलो आणि काकांनी सांगितलं तेवढंच बोललो. "सेठजी, कुंती का फोर्क ग़लत मैंने दिया। नापा नहीं था। चलाना उसको आता है।" आणि शोकेसमधल्या फोर्काचं बोललो. तो आणि कापलेला फोर्क अदलाबदल करता येईल, दोन्ही नळ्यांची लांबी मी पट्टीनं मोजली आहे, दोन कड्यांचा फरक आहे, त्या नळीवर घातल्या की जुळेल.

सेठनं अगरबत्ती पूर्ण फिरवली. घंटा वाजवली. मग म्हणाला, "शोकेसवाली की नली भी नाप ली?"

"जी।"

"पूछे बिना?"

"जी।"

"चाचा ने सिखाया?"

उत्तराची वाट न बघता सेठनं अगरबत्ती देवापुढे खोचली. मग म्हणाला, "बदल दे। और ये कटा हुआ जब तक बिके नहीं, तेरी छुट्टी बंद।"

चार सोमवार मी दुकानात एकटा बसलो. पाचव्या सोमवारच्या आत भनपुरीचा एक ट्रान्सपोर्टवाला भैया आला, वजन पंच्याण्णव, आणि त्याच्या फ्रेमला एकशेवीसचाच फोर्क लागत होता. मी त्याला हेल्मेट-बॅगेसकट बसवलं, दोरा बांधला, पट्टी लावली. फोर्क सव्वीस मिलिमीटर बसला, हवा तेवढाच. सेठ हे सगळं गल्ल्यावरून बघत होता. त्यानंतर दुकानात मक्खन हा शब्द कमी झाला.

कुंतीच्या फोर्कात हवा भरायला काका मात्र आले. बारका पंप बघून त्यांना फार आनंद झाला. "हवेची स्प्रिंग. वजन कमी, हवा कमी. आमच्याकडं असतं तं आर्धा कारखाना घरी बसला असता." स्टिकरवरच्या पहिल्या आकड्याच्याही थोडं खाली आम्ही हवा ठेवली, तिला बसवलं, मोजलं, अजून थोडी काढली, परत बसवलं. पाचव्यांदा दोरा बावीस मिलिमीटरवर थांबला. काकांनी तळवा ठेवून एकदा दाबून पाहिलं, सवयीनं.

चाचणीत पाच जण घेणार होते. कुंती सहावी आली.

सांगायला ती दुकानात आली तेव्हा काकाही होते. मी खाली मान घालून चेन पुसत राहिलो. मला वाटलं, पहिले आठ-नऊ दिवस माझ्या फोर्कानं खाल्ले, ते मिळाले असते तर. ते मी अजूनही मनातून काढू शकलेलो नाही. पण ती म्हणाली, "फोर्क बिल्कुल ठीक था भैया। आख़िरी चढ़ाई में पैर कम पड़ गए। अगले साल।"

ती गेल्यावर काका म्हणाले, "आयकलं का? पाय कमी पडले म्हने. आता दोष जिथला तिथं गेला. मेकॅनिकचं काम येवढंच असते, दुसऱ्याच्या पायातला दोष सायकलीत राहू नाही आन् सायकलीतला दुसऱ्याच्या पायात जाऊ नाही."

पुढच्या वर्षी ती टीममध्ये आली. तिसरी.

मग काकांचे गुडघे गेले. ते त्यांना आपल्या काळ्या सायकलीचं सस्पेन्शन म्हणायचे, "पन्नास वर्ष चाललं, वॉरंटी संपली." मुलगा बंगळूरहून न्यायला आला. तो आईवडिलांचं मराठी सगळं समजायचा, उत्तर हिंदीत द्यायचा. घर भाड्यानं दिलं, दाराची स्प्रिंग तिथेच राहिली, कारण ती विमानात नेता येत नाही हे काकांना पटवायला दोन दिवस गेले. काळी सायकल माझ्या हवाली केली. निघताना शर्टाच्या खिशातून पोलादी पट्टी काढून माझ्या खिशात घातली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस सगळ्या रायपूरला वजन विचारत फिरला आणि त्यांना कुणी कधी विचारलं नाही. मी विचारलं, "काका, तुमचं वजन किती?"

ते टॅक्सीत अर्धे बसले होते. थांबले. "माह्यं? खाली सांगू का भरून?"

"भरून."

"बासष्ट. चष्मा, काठी, आन् तुही काकू देते तो डब्बा धरून चौसष्ट."

पट्टीच्या मागे मी तो आकडा खिळ्यानं कोरून ठेवलाय. चौसष्ट. आता दुकानात फोर्क मी निवडतो आणि सेठ मला विचारून मागवतो. बंगळूरला बदललेल्या काकांच्या नव्या गुडघ्यांना डॉक्टरनं सायकल चालवायची परवानगी दिली आहे, काकूंनी फोनवर सांगितलं. त्या काळ्या सायकलीला असा फोर्क बसत नाही, म्हणून चौसष्ट किलोसाठी मी दुसरी सायकल जुळवतो आहे. माणूस कळला आहे, रस्ता ठरला आहे, फ्रेम मिळाली आहे. फोर्क शेवटी. काका, तुम्ही रायपूरला याल तेव्हा नव्या रायपूरच्या रस्त्यावर मी तुम्हाला त्या सायकलीवर बसवीन, डब्यासकट, आणि दोरा मीच बांधीन.